१ मेच्या आधी आणि नंतर: वर्ग सोडताना शिक्षकानं उरकायची कामं

पाडव्याची गुढी उतरली की आमच्याकडं शाळेची चालच बदलते. सकाळची शाळा सुरू असते, साडेदहालाच पत्रा तापायला लागतो, जोतिबाची यात्रा तोंडावर आलेली असते आणि वर्गातली चार-पाच पोरं सासनकाठीच्या मागं निघून गेलेली असतात. स्टाफरूममध्ये चहा घेताना कुणीतरी म्हणतंच, "आता काय, संपलंच की वर्ष!" सुरुवातीची काही वर्षं मीही त्यात सूर मिसळायचे. मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री बारापर्यंत प्रगतिपुस्तकं भरत बसायचे आणि जूनमध्ये नवा वर्ग हातात आला की पहिला दीड महिना "या पोरांना येतं तरी काय" हे शोधण्यात घालवायचे. तीच माहिती एप्रिलमध्ये शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या डोक्यात होती. ती कागदावर कुणी उतरवलीच नव्हती.

मी करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः पहिली ते आठवीच्या वर्गशिक्षकांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. वर्षाखेरीच्या कागदांचे खरे वाचक दोनच असतात. एक ते मूल आणि त्याच्या घरचे, दुसरे जूनमध्ये त्याला हाती घेणारे शिक्षक. केंद्रशाळेत आणि तालुक्याला जाणारे तक्ते द्यावेच लागतात, पण ते कुणी उघडून वाचत नाही. त्यामुळं जीव कुठं ओतायचा आणि कुठं नुसता हात चालवायचा, हे आधी ठरवून घ्या.

उलटी मोजणी

मार्चच्या शेवटच्या रविवारी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून पुढ्यात घ्या आणि १ मेपासून मागं मोजत या. रविवार काढा, आंबेडकर जयंती काढा, महावीर जयंती आणि गुड फ्रायडे त्या वर्षी कुठं येतात ते बघून काढा, यात्रेचा दिवस काढा. परीक्षेचे दिवस वेगळ्या रंगानं रंगवा. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि निकाल १ मेला लावायचा होता. मध्ये उरले पाच दिवस, त्यातही रविवार. ज्यांनी मार्चमध्येच निम्मं काम उरकलं होतं, त्यांचे ते पाच दिवस बरे गेले. बाकीच्यांचे कसे गेले हे त्यांच्या घरच्यांना विचारा.

मोजून झालं की एक नियम स्वतःला घालून घ्या: मुलं समोर असताना कागदाला हात लावायचा नाही. सकाळची शाळा सुटल्यावरचा तास-सव्वा तास कागदाचा. पोरांना "शांत बसा, चित्र काढा" म्हणून बाईंनी टेबलावर तक्ते भरायचे, हा एप्रिलचा सर्वांत मोठा तोटा आहे. आणि तो आपण सगळ्यांनीच केलेला आहे.

नवा पाठ थांबवा, मूल वाचून बघा

अभ्यासक्रमातले एक-दोन घटक राहिले असतील तर ते पळवत संपवू नका. नुसतं "झालं" म्हणून नोंदवलेला घटक पुढच्या वर्षी दुप्पट वेळ खातो, कारण तो झालाय असं सगळे समजतात. राहिला असेल तर राहिला असं लिहून ठेवा. ते लिहायचं कुठं, ते पुढं सांगते.

त्याऐवजी परीक्षेआधीच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला तीन मिनिटं जवळ बसवा. अठ्ठावीसचा पट असेल तर चौऱ्याऐंशी मिनिटं झाली. रोज सात मुलं घेतली तर चार दिवसांत वर्ग संपतो. त्याला पाठ नसलेला, आधी न वाचलेला उतारा द्या. मुलांच्या मासिकातला चालेल, तांदळाच्या पोत्यावरचा मजकूरही चालेल. तो किती वेगानं वाचतो ते मोजू नका. कुठं अडखळतो ते टिपा. रफारावर? जोडाक्षरावर? की ओळ संपून दुसरी सुरू होताना डोळे हरवतात? शेवटचं असेल तर आधी नजर तपासायला पाठवा. माझ्या वर्गातली एक मुलगी वर्षभर "वाचनात मागं" होती. चष्मा लागल्यावर तीन आठवड्यांत ती पुढच्या बाकावरच्या पोरांच्या चुका काढायला लागली.

गणितात एकच उदाहरण सगळ्या वर्गाला घाला: ४०३ वजा १७८. मधलं शून्य मुद्दाम आहे. उत्तर २२५ आलं तर पुढं चला. ३७५ आलं तर ते मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, त्याला हातच्याची कल्पनाच पोचलेली नाही. २३५ आलं तर हातचा समजलाय, पण शून्यातून उसनं घेताना दशकाच्या घरात नऊच उरतात हे निसटलंय. दोघांनाही पेपरात शून्यच मिळतं, पण त्यांचा जूनमधला पहिला आठवडा वेगवेगळा असायला हवा. तिसरी-चौथीच्या वर्गात या एका गणितानं मला जे कळतं, ते अख्ख्या पेपरानं कळत नाही.

गुण आणि श्रेणी

हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नव्यानं लागलेल्यांसाठी थोडक्यात. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभरातल्या कामाचे) ७० आणि संकलित (परीक्षेचे) ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मंनिम्मं, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. म्हणजे लहान वर्गात मूल वर्षभर काय करतं याला परीक्षेपेक्षा दुपटीहून जास्त वजन आहे. आणि नेमका तोच भाग आपण शेवटच्या रात्री भरतो. आधी श्रेणी ठरवायची आणि मग ती जुळेल असे आकारिकचे गुण मागं वाटत जायचे. हे कुणी उघड बोलत नाही. मी बोलते, कारण मीही केलंय.

यावर उपाय सोपा आहे. लेखी पेपर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आकारिकचा रकाना पेनानं भरून, बेरीज मारून मिटवून टाका. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय, जे काही घेतलंय त्याचे गुण तेव्हाच पक्के. पेपर तपासून झाले की फक्त संकलितची भर घालायची. असं केलं की एखाद्या हुशार पोराची श्रेणी एका पायरीनं खाली येते आणि एखाद्या गप्प पोराची वर जाते. येऊ द्या, जाऊ द्या.

बेरीज एकट्यानं तपासू नका. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं टिक मारायची. सीमेवरची मुलं पुन्हा बघा: ४० आणि ४१ मध्ये ड आणि क-२ चा फरक पडतो, ८० आणि ८१ मध्ये ब-१ आणि अ-२ चा. पाचवी आणि आठवीला आता पुनर्परीक्षा आहे. त्यात बसावं लागणाऱ्या मुलाच्या घरी निकालाच्या दिवशी धक्का देऊ नका. पेपर तपासून झाले त्याच दिवशी जाऊन या, कोणत्या विषयातले कोणते घटक करायचे ते हातानं लिहून द्या आणि मे महिन्यात त्याला कोण बसवणार हेही विचारा. बहुतेक घरांत उत्तर "कोणच नाही" असतं. मग गल्लीतली एखादी दहावी-बारावीची ताई शोधणं हेही आपलंच काम होतं.

वर्णनात्मक नोंदी

इथं थांबते जरा, कारण वर्षाखेरीचा सर्वांत वाया जाणारा कागद हा आहे.

विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. तीन रकाने आणि बाजारात मिळणाऱ्या पुस्तिकेतली किंवा मोबाईलवर फिरणारी तयार वाक्यं. "अक्षर वळणदार काढतो." "वर्गात लक्ष देते." "वाचनाचा सराव आवश्यक." काही वर्षांपूर्वी मी एकाच वर्गात चौदा पोरांच्या पुढं "वाचनात सुधारणा आवश्यक" लिहिलं होतं. जूनमध्ये तो वर्ग घेतलेले गुरुजी नोंदवही घेऊन माझ्याकडं आले आणि अगदी सरळ विचारलं, "बाई, म्हणजे नेमकं काय करू?" चौदातल्या तीन-चार पोरांबद्दल मला काहीतरी सांगता आलं. बाकीच्यांचं मीच विसरले होते. लाज वाटली.

तेव्हापासून मी नोंद लिहिताना स्वतःला दोन गोष्टी विचारते: मी डोळ्यांनी काय बघितलं, आणि ते कधी बघितलं? "गणितात प्रगती चांगली" याच्या जागी "दिवाळीनंतर बाजारच्या हिशोबाची उदाहरणं तोंडी सोडवतो, पण उभी मांडणी करताना एकक-दशक सरकतात." "कलेची आवड" याच्या जागी "बेंदराला मातीचे बैल करून आणले, शिंगं मोडली तेव्हा स्वतःच काडी घालून बसवली." दोन्ही वाक्यं रकान्यात मावतात. वाचणाऱ्याला मूल दिसतं. आणि घरी आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणते, "व्हय, आमचंच हाय हे."

सगळ्या एकाच दिवशी लिहायच्या म्हटलं तर पुस्तिकेतली वाक्यंच येणार. पाडव्यापासून रोज दोन मुलं घ्या, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं. तिसाचा वर्ग पंधरा दिवसांत होतो. ज्या मुलाबद्दल काहीच सुचत नाही त्याचं नाव वेगळं लिहा आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्याच्याकडं लक्ष ठेवा. दर वर्षी माझ्या वर्गात अशी तीन नावं निघतात. ती नेहमी मधल्या ओळीतली, न भांडणारी, न चुकणारी पोरं असतात.

भाषेच्या नोंदीबद्दल कोल्हापूरकरांसाठी खास सूचना. आपल्याकडं मुलगी "मी जेवलो", "मी आलो" म्हणते. तिची आई तसंच म्हणते, आजीही. ते चूक म्हणून "भाषेत सुधारणा आवश्यक" या रकान्यात ढकलू नका. ती वहीत "मी जेवले" लिहिते का ते बघा. लिहीत असेल तर तिला दोन भाषा येतात, तशी नोंद करा. लिहीत नसेल तर "बोलीतलं क्रियापद लेखनात तसंच उतरतं" एवढं लिहा, पुढच्या शिक्षकाला कळतं. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकांना हे मुद्दाम सांगा. नाहीतर जूनमध्ये पहिल्याच दिवशी पोरींच्या तोंडाला कुलूप लागतं.

पुढच्या बाईंसाठी एक पान

हा कागद कुठल्याही शासन निर्णयात नाही, पण सगळ्यांत उपयोगी पडतो. एक फुलस्केप, पाठपोट. वरच्या भागात वर्गाबद्दल: कोणते घटक राहिले, कोणते घाईत झाले, कोणती गोष्ट या वर्गाला फार आवडते (माझ्या मागच्या वर्गाला कोडी घातली की पाऊस असो नाहीतर ऊन, सगळे गप्प), कोणत्या दोघांना शेजारी बसवू नये. खाली नावांची यादी आणि प्रत्येकापुढं एक ओळ. वाचनात कुठं अडखळतो, ४०३ वजा १७८ चं उत्तर काय आलं, फळ्यापासून किती लांब बसवायचा, फिट येते का, डबा आणतो की शाळेचाच भात खातो.

घरची भांडणं, बापाची दारू, आईचं माहेरी जाणं, हे कागदावर लिहू नका. कागद उडतात, झेरॉक्स निघतात, व्हॉट्सअॅपवर जातात. पुढच्या शिक्षकांना समोर बसवून, दार लोटून सांगा. आणि सांगतानाही जे मुलाला सांभाळायला लागतं तेवढंच.

आपलीच बदली झाली असेल तर हे पान जास्तच मनापासून लिहा. येणारं माणूस कोण आहे हे माहीत नसतं आणि त्याला विचारायला आपण तिथं नसतो.

मध्येच निघून जाणारी पोरं

कोल्हापूर जिल्ह्यात हे टाळून पुढं जाता येत नाही. दिवाळीच्या पुढं-मागं बीडकडून आणि बाकीच्या मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की एका रात्रीत पाल उचलून निघून जातात. सकाळी वर्गात तीन जागा रिकाम्या. त्यांचं वर्ष १ मेला संपत नाही, मार्चमध्येच कधीतरी संपतं. म्हणून त्यांच्यापुरती ही सगळी यादी फेब्रुवारीत उरका. तीन मिनिटांचं वाचन, गणित, नोंद, सगळं. शिक्षण हमी कार्ड (पुढच्या शाळेत दाखवायचा कागद) भरून मुलाच्या हातात द्या आणि त्याचा फोटो बापाच्या किंवा मुकादमाच्या मोबाईलवर टाका, कारण कागद ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कुठं जाईल सांगता येत नाही. गावाकडच्या शाळेचा नंबर मिळवून तिथल्या गुरुजींना एक फोन करा. दोन मिनिटांचं काम, पण पोरगं तिकडं गेल्यावर "हा इतके दिवस कुठं होता" असं त्याला कुणी विचारत नाही.

वीटभट्टीवरची मुलं उलटी. ती पाऊस येईपर्यंत इथंच असतात, मे महिन्यातही. गावात सुट्टीत काही चालू ठेवायचं असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करा.

परीक्षेनंतरचे रिकामे दिवस

पेपर संपले की हजेरी निम्म्यावर येते. जी पोरं येतात त्यांच्यासाठी हे दिवस सोन्यासारखे असतात: घटक नाही, चाचणी नाही, ऊन वाढायच्या आत तीन तास मोकळे.

मला सर्वांत जमलेला उपक्रम गुऱ्हाळाचा. हंगाम संपत आलेला असतो, त्यामुळं मालकाला बोलायला सवड असते. आदल्या दिवशी पोरांनी प्रश्न काढायचे. एका आदनाला, म्हणजे एका वेळच्या काहिलीला, किती रस लागतो? भेंडीचं पाणी कशाला घालतात? गूळ तयार झाला हे गुळव्याला कसं कळतं? एक टन उसाला साधारण शंभर किलोच्या पुढं-मागं गूळ पडतो, मग दहा किलोचे रवे किती होतील? चौथीच्या पोरांनी हे गणित तिथंच चुलवाणाशेजारी मातीत केलं. काहिलीपासून लांब उभं राहायची रेघ मात्र आधी मारून घ्या आणि सोबत दोन पालक न्या. परत आल्यावर काकवी लागलेल्या बोटांनी लिहिलेलं अर्धं पान हे त्यांचं त्या वर्षातलं सर्वांत चांगलं लेखन होतं.

शहरातल्या शाळांना टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर असतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत. म्हणजे आपल्याच पंचगंगेच्या काठची, आपण रोज ज्याच्या शेजारून जातो त्या जागेची. सगळं संग्रहालय दाखवू नका, तीन वस्तू दाखवा आणि काढायला लावा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून चालू आहे. सुट्टी लागायच्या आधी पोरांना तिथं किंवा गावच्या वाचनालयात नेऊन पुस्तकांची कपाटं दाखवा आणि सुट्टीत पुस्तकं घरी न्यायची सोय काय आहे ते पोरांनाच विचारू द्या.

आणि एक पत्र. तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलानं, जूनमध्ये त्याच वर्गात येणाऱ्या लहान पोरांना लिहायचं. "तिसरीत पाढे लई असतात, पण भिऊ नका." "पाण्याच्या टाकीजवळची जागा घेऊ नका, उडतं." हे गोळा करून एका लखोट्यात ठेवा. लागणार आहेत.

निरोप समारंभाबद्दल फार लिहीत नाही. पोरांना नाचू द्या, भाषणं कमी ठेवा, आणि पैसे गोळा करायचे असतील तर ज्याच्याकडं नाहीत त्याला ते सगळ्यांसमोर सांगावं लागणार नाही एवढं बघा.

दाखला आणि जनरल रजिस्टर

शेवटच्या इयत्तेचा वर्ग असेल तर हे काम मार्चमध्येच. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीचं कायमचं पुस्तक, त्यातल्या नोंदीची प्रत काढून घरी पाठवा आणि "वाचून, बरोबर असेल तर सही करा" म्हणून परत मागवा. मुलाचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव, जात आणि पोटजात. ज्या घरात वाचणारं कुणी नाही तिथं फोनवरून मोठ्यानं वाचून दाखवा. आधार कार्डावर एक नाव, रजिस्टरला दुसरं आणि यू-डायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) तिसरंच, असं असेल तर ते मूल शाळेत असेपर्यंतच सुटतं. एकदा दाखला हातात गेला की नोंद बदलायला शिक्षण खात्याची परवानगी लागते आणि पालकांच्या चपला झिजतात.

हे एवढं का रेटून सांगते? आमच्या शाळेत महिन्याला एक-दोन माणसं आजोबांचं नाव शोधायला येतात. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि कित्येक घरांत तेवढा जुना कागद म्हणजे गावच्या शाळेचं रजिस्टरच. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदी शोधताना सगळ्या राज्यानं हीच रजिस्टरं उपसली. आज तुम्ही घाईत लिहिलेली ओळ पन्नास वर्षांनी कुणीतरी चष्मा लावून वाचणार आहे. अक्षर नीट काढा.

निकालाचा दिवस

१ मेला झेंडावंदन, मग निकाल. पालकांना एकदम बोलवून कागद वाटून टाकला की दहा मिनिटांत मैदान मोकळं होतं आणि वर्षभराचं बोलायचं राहून जातं. वेळा वाटून द्या. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं पुरतात. मुलाची वही उघडून आधी त्याला चांगलं जमणारी गोष्ट बोटानं दाखवा. मग मे महिन्यात करायची एकच गोष्ट सांगा. श्रेणी सर्वांत शेवटी.

"बाई, नंबर कितवा आला?" हा प्रश्न येणारच. नंबर नसतो हे दर वर्षी सांगावं लागतं आणि दर वर्षी ते पटत नाही. मी आता म्हणते, "काका, जूनमध्ये याला अकराचा पाढा येत नव्हता, आता एकोणिसापर्यंत येतो. त्याचा हाच नंबर." कधी हसतात, कधी शेजारच्याचा नंबर विचारायला जातात.

सुट्टीचा अभ्यास म्हणून चाळीस पानांची झेरॉक्स देऊ नका. ती पंधरवड्यात हरवते, किंवा १४ जूनच्या रात्री ताई भरून देते. केएमटी बसच्या पाट्या वाचायच्या, किराणा दुकानाची बिलं जपून ठेवून बेरीज तपासायची, आंबे डझनानं मोजायचे, आजीकडून एक ओवी किंवा गोष्ट ऐकून लिहायची. एवढं पुरे.

नव्या पहिलीची पोरं

पाडव्याच्या सुमारास पटनोंदणी होते, घरोघरी फिरणं होतं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आता गुरुजीच लेझीम, ताशा आणि फुगे घेऊन दारात जातात. असो. 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या एप्रिलमधल्या मेळाव्यात फोटो काढून घेणं होतंच, पण त्या दिवशी प्रत्येक मुलाबद्दल एक ओळ टिपून घ्या: पेन्सिल धरतं का, नाव सांगतं का, आईला सोडून बसतं का. गल्लीतल्या चार-पाच आयांचा गट करून त्यांना आठवड्याला एक खेळ सांगा. जूनच्या मेळाव्यात त्याच मुलाला पुन्हा बघितलं की फरक कळतो.

खोली बंद करताना

आमच्याकडं मे महिना म्हणजे वळीव आणि जून म्हणजे पाऊस. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या शाळांनी कौलं आणि पत्र्याचे हूक एप्रिलमध्येच बघून घ्यावेत, कारण वळवाचा वारा परवानगीची वाट बघत नाही. पुस्तकं, तक्ते, गणित पेटी जमिनीवरून उचला. लोखंडी कपाटाखाली विटा घाला, भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, वाळवी भिंतीतून येते. कापडी तक्त्यांच्या घड्यांत कडुलिंबाचा पाला घाला. जुनी पाठ्यपुस्तकं गोळा करून चांगली वेगळी काढा, नवी पोचेपर्यंत तीच उपयोगी पडतात. पोषण आहाराचा उरलेला तांदूळ मोजून नोंदवा, पोती फळीवर ठेवा, नाहीतर जूनमध्ये पोरकिडेच मोजावे लागतात. टीव्हीची पिन काढा, मेन स्विच बंद करा, टाकी रिकामी करून पालथी घाला.

नदीकाठच्या शाळांना वेगळं सांगायला नको, तरी सांगते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळच्या गावांपर्यंत जी कपाटं जमिनीवर होती त्यांचा लगदा झाला. जनरल रजिस्टर, डेडस्टॉक (शाळेच्या वस्तूंची नोंदवही), जुने दाखले जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या मजल्यावर किंवा गावातल्या उंच जागी ठेवा, मुख्याध्यापकांच्या सहीनं तशी नोंद करा आणि पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी साठवा. हे मे महिन्यात होतं. पूर आल्यावर होत नाही.

किल्ल्या दोन. एक मुख्याध्यापकांकडं, एक गावातल्या व्यवस्थापन समितीच्या माणसाकडं.

मग तुमची सुट्टी

पहिले आठ दिवस काहीही करू नका. ग्रुपवर माहिती मागणारे मेसेज येतील, प्रशिक्षणाची पत्रं येतील, त्यांना संध्याकाळी एकदाच बघायचं. घसा बसलेला असतो, पाय दुखत असतात, घरच्यांनी मार्चपासून आपल्याला नीट बघितलेलं नसतं. रंकाळ्यावर जाऊन बसा.

नंतर एक दिवस, एकच, डायरी घेऊन बसा आणि लिहा: या वर्षी कुठल्या तासाला मला स्वतःला मजा आली, आणि कुठल्या तासाला मी घड्याळ बघत होते. जूनपासून बदलायची एक गोष्ट निवडा. दहा ठरवलेल्या माझ्या कधी झाल्या नाहीत.

पण कुलूप लावायच्या आधीचं एक काम राहिलं. कपाटाच्या वरच्या फळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. त्यात पुढच्या शिक्षकांसाठीचं पान, पोरांनी लिहिलेल्या पत्रांचा लखोटा, खडूचा एक कोरा डबा, नवं डस्टर आणि हजेरीसाठी नावांची यादी. १५ जूनला कपाट उघडल्यावर पहिल्यांदा हाताला तेच लागलं पाहिजे.